सरच्या चादरी आन माही वाटी

सरच्या चादरी दोरीवर दिसल्या का आमच्या गल्लीले समजे, आज सरचं काहीतरी चढलं. एक चादर असली तं थोडंसं चढलं. चादर, उशीची खोळ आन दाराचा पडदा असला तं लय चढलं. आन एखाद्या दिवशी माह्या गोधडीलेही हात घातला, तं त्या दिवशी सरले जेवाले बोलवाचं नाई, ताट झाकून ठेवाचं.

बाकी लोकाइचं चढलं का ते पेढे वाटतात. आमच्या सरचं चढलं का ते कपडे धूत. मले हे समजाले दोन वर्सं लागले, आन खरं सांगू, आजूनही पुरं समजलं असं नाई.

पुसदले माह्या दोन खोल्या हायेत. मांगच्या खोलीत मी, समोरची भाड्यानं देते. सर आले तवा त्याइच्यासोबत एक गादी, एक बादली, टीव्हीसारखे दोन पडदे आन एक लाकडाची खुर्ची होती. मी खुर्चीले हात लावाले गेली तं म्हने, "राहू द्या मावशी, तिच्यावर बसूनच मी जगतो."

मी म्हनलं, "धंदा काय तुमचा?"

"इकतो."

"काय इकता?"

"जे माह्याजवळ नाई ते."

मी दोन दिवस इचार केला, का या मानसाच्या खोलीले बाहेरून कडी लावावी का काय. पन भाडं त्याइनं पहिल्याच दिवशी हातात देलं होतं, आन आवाज चांगला होता. आधी ते एका शाळेत गनित शिकवत. शाळा काहून सोडली ते कोनाले माईत नाई. बायकोचं इचारलं तं म्हने, "तिनं मले भाव चांगला होता तवाच इकून टाकलं." मी हासली नाई, काहून का ते हासत नव्हते.

त्याइचं सगळंच उलटं. पेपर मांगच्या पानापासून वाचत. ताटात पहिले भात खात, मंग भाकर. शर्टाच्या गुंड्या खालून वर लावत. देवळात गेले तं पहिले परसाद खाऊन घेत आन मंग हात जोडत. पुजारी एकदा रागावला. सर त्याले म्हने, "महाराज, मी पळून नाई चाललो. घेतलं, आता देतो." आन चांगला येळ डोये मिटून उभे राह्यले.

सकाळी सव्वानवाले त्याइचा शेअरचा बाजार उघडे. पहिले पंधरा मिन्टं सर कायलेच हात लावत नसत. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसत. मी चहा ठेवो तं बशीकडे न पाहता म्हनत, "मावशी, आता समदे येडे पळून राह्यले. पळू द्या. दम लागला का मंग पाहू." मंग पडद्यावरची एखादी रेघ चढून चढून थांबे. पुन्हा चढाले जाये, सकाळच्या टोकापावतर पोचे, आन तथूनच मान टाके. तवा सर हात काढत आन इकून टाकत. थोड्या येळानं ती रेघ खाली आली का तेच स्वस्तात घेत. तीन वाजाच्या आत सगळं साफ. इकलेलं उद्यावर ठेवाचं नाई.

भितीवर त्याइनं मोठ्या अक्षरात कागद लावले होते. मले अक्षर जोडून जोडून वाचता येते. एकावर होतं, "तीनदा चुकलं का बास." एकावर होतं, "चुकलेल्यात आजून घालाचं नाई." एकावर, "लहान कंपनीले हात नाई." तीनदा चुकले का सर खुर्चीवरून उठत, पडदे बंद करत आन बादली उचलत. हात मोकळे ठेवले का ते पुन्हा इकाले जातात, म्हनून त्याइले साबनात घालाचं, असं त्याइचं म्हननं.

मी एकदा इचारलं, "पन सर, नसलेलं इकता कसं?"

सर खुश झाले. शाळेतला मास्तर जागा झाला त्याइच्यातला. म्हने, "समजा, तुमी समोरच्या कंडक्टरीनबाईची बकरी उसनी आनली."

"कायले?"

"समजा ना मावशी."

"बरं."

"आज बाजारात बकऱ्या महाग हायेत. तुमी ती इकली."

"दुसऱ्याची?"

"हो. दोन दिवसानं बकऱ्या स्वस्त झाल्या. तुमी तशीच एक घेतली आन कंडक्टरीनबाईच्या खुट्याले बांधून देली. मधातले पैशे तुमचे."

"आन तिची बकरी गाभन असली तं?"

"नाई हो गाभन."

"आन तिनं ओळखलं तं? तिची बकरी नावानं हाक मारली का येते."

सरनं डोकं खाजवलं. "मावशी, शेअरले नाव नाई राह्यत. सगळे सारखे."

"मंग पाप लागत नसन," मी म्हनलं. सर लय हासले. मले त्यात हासाचं काय ते समजलं नाई.

पन एका दुपारी तूर निवडता निवडता मले एकदम समजल्यासारखं झालं. जवानीत आमी ऊसतोडीले जाओ. मुकादम दसऱ्याच्या आधी उचल देये. म्हन्जे पैशे आधी, काम मंग. जे दिवस आजून उगवले नाई ते आमी इकून खाऊन टाको. एका वर्सी अर्ध्या हंगामात माह्या नवऱ्याले ताप आला आन पाचव्या दिवशी तो गेला. मुकादमानं दोन दिवस देले. तिसऱ्या दिवशी म्हने, "बाई, कोयता दोघाइचा लिवला हाय." मंग मी पोरीले बांधावर निजवलं आन दोघाइचा ऊस एकटीनं तोडला, होळीपावतर. रडाले टाइम नव्हता, मोळी बांधा लागे. ती पोरगी आता ढाणकीले सुखात हाय, तिले यातलं काही आठवत नाई.

मी सरले हे सांगलं. म्हनलं, "सर, हे तं आमीही केलं हाय. नसलेलं इकलं. पन आमचं मंग लय महाग पडलं."

सरनं बादली उचलली. त्या दिवशी त्याइचं काही चढलं नव्हतं, तरी त्याइनं चादर धुतली.

आता कंडक्टरचं सांगते. आमच्या समोरच कंडक्टरचं घर. जलम सगळा एसटीत गेला, आता ओट्यावर बसून राह्यतात. पंप बनवनाऱ्या एका कंपनीचे शेअर त्याइनं थोडे थोडे करून घेऊन ठेवले होते, सहाशे, आन त्यातला एक इकला नाई. माह्या मतानं दोघंही एकाच दुकानाचे गिऱ्हाइक, पन एकमेकाले पाहून दोघंही चिडत.

कंडक्टर ओट्यावरून म्हनत, "आमी तिकीट फाडलं का शेवटच्या स्टॉपपावतर जातो, सर. तुमच्यासारखं चालत्या गाडीतून उडी नाई मारत."

सर चादर पिळता पिळता म्हनत, "तुमची गाडी सुटली कुठं भाऊ? दहा वर्सं झाले डेपोतच उभी हाय."

असं रोज चाले. चांगलं चाले. मंग एकदा कंडक्टरचा जावई आला होता, ओट्यावर चार मानसं बसले होते, आन सर बोलून गेले, "भाऊची कंपनी आतून पोकळ हाय. एक दिवस बसन ते." कंडक्टरचं तोंड उतरलं. जावयासमोर! ते एवढंच म्हने, "नसलेलं इकनाऱ्याले असलेल्याची काय कदर." त्या दिवसापासून दोघाइचं बोलनं बंद. आमचं बायकाइचं चालू होतं. त्याइच्या बकरीचं दूध माह्याकडे येये, माहं लोनचं तिकडे जाये.

आन मंग तो दिवस आला.

सकाळीच बातमी आली, पंपवाल्या कंपनीले कोनतं तरी मोठं काम भेटलं. ओट्यावर कंडक्टरनं पेढे आनले. सर आपल्या खुर्चीवरून ते पाहून राह्यले होते. "बातमीवर चढलं मावशी," म्हने, "आता दम लागन." भितीवर लिवलं होतं लहान कंपनीले हात नाई, पन सरनं त्या दिवशी भितीकडे पाह्यलं नाई. पाचशे इकले.

साडेबाराले मी भाजी घेऊन आली तं खोलीत आवाज नाई. सर खुर्चीवर, हात मांडीवर, मोकळे. पडद्यावरची रेघ वर जाऊन आडवी झाली होती. मी दोरीकडे पाह्यलं. काहीच नाई. बादली कोरडी.

मले तवा भेव वाटलं. "सर, धुत नाई का आज?"

"धुऊन उपयोग नाई."

"काहून?"

"अडकलो मावशी. एका दिवसात जेवढं चढू देतात तेवढं चढलं, वरून कुलूप लागलं. आता समदे घेनारेच हायेत. इकनारा एकही नाई. मले सुटाचं असन तं घ्या लागते, आन देनाराच नाई."

"मंग उद्या घ्या."

"उद्या सकाळी मले ते द्या लागतात. जे इकलं ते द्याच लागते. नाई देले तं बाजार माह्या नावानं बोली लावून घेते, कितीही महाग. माह्याजवळ होतं नव्हतं ते सगळं जाइन." मंग खोलीकडे पाहून म्हने, "हे खोलीही. भाडं कुठून देऊ?"

मी खाली बसली. मले काही समजे ना. एवढ्या मोठ्या बाजारात देनारा एक नाई, असं कसं? मी इचारलं, "मंग हायेत कोनाजवळ ते?"

सरनं दाराबाहेर पाह्यलं. ओट्यावर कंडक्टर पेढा खात होते.

"मंग उसने आना ना," मी म्हनलं.

"असं नाई राह्यत, मावशी."

"काहून नाई? बकरीचं तुमीच तं सांगलं."

सरनं डोकं खाजवलं आन हळूच म्हने, "राह्यते. तसं राह्यते. त्याइच्या खात्यातून माह्या खात्यात येऊ शकतात." आन लगेच मान हालवली. "पन मी नाई मागनार. कोन्या तोंडानं मागू?"

"तुमी नका मागू."

मी मांगच्या खोलीत आली. उसनं आनाचं तं आपली वाटी न्या लागते, आन परत देताना तेच शिगोशीग भरून द्या लागते. आमच्यात असंच हाय. साखरीले माही स्टीलची लहान वाटी, पिठाले मायची पितळेची मोठी. शेअरले कोनती न्यावी? मी उलीसा इचार केला. मोठी घेतली.

कंडक्टरीनबाई दारात तुरीच्या शेंगा सोलून राह्यल्या होत्या. वाटी पाहून म्हने, "काय संपलं मावशी, बेसन?"

"शेअर."

"काय?"

"शेअर पाह्यजेत. पाचशे. उसने."

बाईच्या हातातली शेंग खाली पडली. एवढ्या जोरानं हासली का बकरी उठून उभी राह्यली. "अहो, आयका! मावशी वाटी घेऊन तुमचे शेअर मांगाले आली!"

कंडक्टर आले. त्याइले सगळं एका घडीत समजलं, मले नव्हतं समजलं तेवढं. "त्यानं पाठवलं?"

"नाई. ते तं नाईच म्हने."

"माही कंपनी पोकळ हाय ना? मंग पोकळीतलं कायले पाह्यजे?"

"भाऊ, तुमची कंपनी मले समजत नाई," मी म्हनलं. "त्याइचा धंदाही समजत नाई. मले उसनं समजते. माहं पीठ संपलं तवा तुमी देलं. तुमचं मीठ संपलं तवा मी देलं. कोनी कोनाचं ठेवलं का?"

"आन त्यानं परत नाई देलं तं?"

"मंग मी देइन."

"तुमी? तुमी कुठून द्याल, बाई?"

"ते मले माईत नाई. पन मी दोघाइचा ऊस तोडला हाय."

कंडक्टरनं बायकोकडे पाह्यलं. कंडक्टरीनबाई पदरानं डोये पुसत होती, हासून का कशानं ते मले समजलं नाई. मंग तीच म्हने, "देऊन टाका ना. सकाळपासून पेढे खाऊन राह्यले एकटे. सर का पळून जाते? आन पळालेच तं मावशी बाहेरून कडी लावते."

कंडक्टरनं पेटी उघडली. वर तिकीट पाडाचा चिमटा, त्याच्या खाली पिलास्टिकमंधी बांधलेलं एक पुस्तक. बँकेच्या चेकसारखे कागद होते त्यात, शेअर दुसऱ्याच्या खात्यात टाकाचे, आजपावतर एकही फाडला नव्हता. ते पुस्तक खिशात घालून ते रस्ता वलांडून सरच्या दारात जाऊन उभे राह्यले. सर खुर्चीवरून उठले.

"भाऊ, मी त्या दिवशी जे बोललो..."

"गाडी सुटाच्या टायमाले बोलाचं नाई. शेअरचं ऑफिस बंद होइन. बसा मांगे."

दोघं जन स्कूटरवर गेले. सर मांगे बसले होते, दोन्ही हात मांडीखाली दाबून. कंडक्टरीनबाईनं माही वाटी मले परत देली. रिकामी देत नाईत, म्हनून तिच्यात सोललेले तुरीचे दाने टाकले मूठभर.

दुसऱ्या दिवशी सरले कोनी धरलं नाई, बोली लागली नाई. पन पंप आजून चढला. पुन्हा कुलूप. कंडक्टरचे शेअर आता कोन्या परक्या मानसाच्या घरी गेले होते, आन सरले तसेच दुसरे आनून द्याचे होते. मी कंडक्टरीनबाईले तोंड दाखवत नव्हती. दूध आनालेही गेली नाई. कंडक्टर ओट्यावरून एवढंच म्हने, "गाडीत बसू द्या त्याले. शेवटचा स्टॉप कधी ना कधी येते."

तिसऱ्या दिवशी कुलूप उघडलं. रेघ खाली सरकली. सरनं घेतले. गेलं किती, राह्यलं किती, मी इचारलं नाई. मी दोरीवर मोजलं. तीन चादरी, दाराखिडकीचे दोन्ही पडदे आन माही गोधडी. पन त्या दिवशी ताट झाकून ठेवा लागलं नाई. सर सोता मांगच्या खोलीत आले आन पहिले भाकर खाल्ली, मंग भात.

शेअर परत कराचा कागद सरनं कंडक्टरच्या हातात देला. कंडक्टरनं चष्मा लावून वाचला. "पाचशे एक? हा एक कायचा?"

"मावशी म्हनते, शिगोशीग द्या लागते."

"पाचशे एक," कंडक्टर म्हने. "लग्नात आहेर केल्यासारखं." आन त्याइनं ओट्यावर थोडंसं सरकून जागा करून देली.

मले आजून एक गोष्ट समजली नाई. मी दोघाइलेही इचारलं. कंडक्टरचे शेअर परक्याकडे गेले, आन जे परत आले ते कोन्या तिसऱ्याचे होते. मंग कंडक्टरनं जे दहा वर्सं सांभाळले ते कुठं हायेत? सर म्हने, "तेच हायेत, मावशी." कंडक्टर म्हने, "तेच समजाचं." दोघाइचं एकाच गोष्टीवर पटलं ते हे पहिल्यांदा, आन नेमकं तेच मले पटलं नाई. बाईची बकरी असती तं मी ओळखली असती.

त्याच्यानंतर सर इकत, पन कमी. हात मांडीखाली ठेवून बसत आन कधी कधी दिवसभर काढतच नसत. काही मयन्यानं म्हने, लोहाऱ्याले बहीन राह्यते, तिच्या घरी पोराइले गनित शिकवतो. मी "बरं" म्हनलं. अडवाले मी कोन?

जाच्या सकाळी गादी, बादली, पडदे, खुर्ची, सगळं टेम्पोत चढलं. दोरीवर काही नव्हतं. सर मांगच्या खोलीच्या दारात आले.

"मावशी, ती पितळेची वाटी उसनी द्या."

"काय घालू तिच्यात?"

"काही नाई. रिकामीच."

"रिकामी वाटी उसनी कोनी नेत नाई, सर."

"मी नेतो," म्हने, आन घेऊन गेले.

कंडक्टर ओट्यावरून पाहून राह्यले होते. टेम्पो वळला तं म्हने, "बाई, गेली तुमची वाटी. इकून टाकन तो."

असं करन का? त्या मानसाचा धंदाच तो. मी लय दिवस इचार केला, का ते परत द्याचं इसरले, का मुद्दाम नेली, का जे घेतलं ते द्या लागते म्हनून परत इकडे याले कारन पाह्यजे होतं. मले समजलं नाई. एक समजते. त्या वाटीच्या काठावर माह्या मायचं नाव कोरलं हाय. तशीच दुसरी बाजारात घेऊन मले आनून देता येत नाई. तीच आना लागन.

कंडक्टरीनबाई म्हने, एक नवी वाटी घेऊन टाका मावशी, किती दिवस असं. मी घेतली नाई. पीठ मी आता तांब्यानं मोजते.